एकट्यापुरतं पाणी

रविवार, ६ जानेवारी २००२, मोखाडा

"अर्धं ओत," प्रमिला म्हणाली, आणि मी हलायच्या आत तिनंच पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं. निम्मं पाणी मोरीत गेलं. उरलेल्याला उकळी आली तशी तिनं स्टोव्ह बंद केला. मला वाटलं विसरली, कारण मॅगी अजून पुडीतच होती. मग तिनं ती स्टीलच्या डब्यात मोडून टाकली, मसाला भुरभुरला, वरून पाणी ओतलं, झाकण दाबलं, आणि डबा माझ्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली.

"पोर निजवल्यासारखी बसलीस."

"हॉस्टेलात स्टोव्ह चालत नाय. मेसमधून थर्मासात पाणी आणतो आन असं करतो."

"शिजतं?"

"गप बस, देवा. बोलल्यानं नाय शिजत."

शिजलं. मधे थोडं कच्चं राहिलं, पण मला तेच आवडलं.

ही डायरी पतपेढीनं दिली. मागच्या वर्षीची कोरीच राहिली, यंदा लिहायचं ठरवलं आहे. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. लिहिताना ते मराठीत येतं आणि थोडं दुसऱ्या कोणाचं तरी वाटतं.

प्रमिला गेल्या जूनपासून ठाण्यात नर्सिंगच्या कोर्सला आहे. सुट्टी मिळाली की शनिवारच्या शेवटच्या एसटीनं येते, रविवारी दुपारी परत. मी पोशेऱ्याच्या शाळेत शिकवतो आणि इथे जिजाबाईंच्या मागच्या खोलीत राहतो. आईबा पोशेऱ्याजवळच्या पाड्यावर.

निघताना प्रमिला म्हणाली, "मेट्रननं विचारलं, कुमारी लिहू का सौभाग्यवती."

"मग?"

"म्हटलं लग्न व्हायचंय. तर म्हणते, मग शनिवारी कोणाकडे जातेस?"

मी हसलो. आमच्या पाड्यावर हा प्रश्न कोणाला पडणार नाही. बोलणी झाली, दारू वाटली, मुलगी घरात आली, की ती घरातली. लग्न मागाहून लागतं, जमेल तेव्हा. कोणाकोणाचं नातवंडं होईपर्यंत लागत नाही. प्रमिला अशीच चार वर्षांपूर्वी आमच्या घरात आली.

ती हसली नाही. गाडीत उभं राहावं लागणार म्हणून वैतागली असेल.


बुधवार, १६ जानेवारी

शाळेतून आलो तर रॉकेल तळाला. डब्याची रीत केली. आईनं दिलेली सुकट भाजून घातली. सुकटीचं मीठ आणि पुडीतलं मीठ मिळून जिभेवर ठेववेना. पुन्हा पाणी घातलं, मग चवच गेली. खाल्लं.

जिजाबाई दारात उभ्या. "मास्तर, पोरांना पाढे शिकवता आन स्वतः सुतळी खाता. भाकर टाकू का?"

"नको."

"बायको येईपर्यंत हेच?"

"डिसेंबरात कोर्स संपतो तिचा."

"तवर दात राहिले म्हणजे झालं."

सुकट घालायची असेल तर मसाला अर्धाच. प्रमिलाला सांगायचं.


रविवार, २० जानेवारी

अंड्याची रीत. मॅगी शिजत आली की अंडं वर फोडायचं. ढवळायचं नाही. झाकण ठेवून स्टोव्ह बारीक करायचा. पिवळं मऊ राहिलं पाहिजे. खाताना ते फोडायचं आणि रस्सा घट्ट होतो.

"तुला तर मऊ अंडं कच्चं वाटायचं," मी म्हणालो.

"आता चालतं."

"हॉस्टेलात अंडी देतात?"

"हॉस्टेलात नाय. दवाखान्यातले एक आहेत, लॅबमधले. बोलावतात आम्हाला कधी. त्यांच्याकडे गॅस आहे."

परक्या ठिकाणी कोणी असं बोलावतं हे चांगलंच. मी आईनं पाठवलेली नागली फडक्यात बांधली आणि म्हटलं, त्यांना दे, आपल्याकडची म्हणून. प्रमिला म्हणाली, कशाला. मी पिशवीत घातलीच.

सुकटीचं सांगायचं राहिलं.


शनिवार, २६ जानेवारी, पोशेरा

झेंडावंदन झाल्यावर पाड्यावर आलो. बा अंगणात जू तासत होता. या उन्हाळ्यात लग्न उरकू का, मी विचारलं.

"कोणाचं?"

"माझं."

"आन आमचं?"

आई आतून हसली. आईबाचं लग्न लागलेलं नाही. एका वर्षी भाऊबंदांत मयत झालं, एका वर्षी बाचा पाय मोडला, मग मी डी.एड.ला गेलो, मग कोणी विषय काढला नाही. आईबापांना हळद लागल्याशिवाय मुलाला लागत नाही. एकाच मांडवात लावतात पुष्कळ जण, पण आधी म्हातारी जोडी, मग तरणी.

"बघू," बा म्हणाला. "यंदा आंबा कसा येतो ते बघू."

आंब्याचा आणि लग्नाचा काय संबंध ते मी विचारलं नाही. मलाही तशी घाई नव्हती.


रविवार, १० फेब्रुवारी

परतलेली मॅगी. प्रमिलानं ठाण्याहून भोपळी मिरची आणि कोबी आणला होता. मॅगी उकळून चाळणीत ओतायची आणि लगेच वरून गार पाणी. मग चिकटत नाही. कढई खूप तापवायची. आमच्या स्टोव्हची आच पुरेना, म्हणून ती सारखी पंप मारत होती.

पंप मारता मारता म्हणाली, "देवा, आपण सही करून लग्न करू."

"कसली सही?"

"ठाण्यात ऑफिस आहे. नोटीस लावतात, मग सही. साक्षीदार लागतात, ते मी आणीन."

"आन बा?"

"बाला नंतर सांगू."

"बाच्या आधी मी लग्न केलं तर तो पाड्यात तोंड कुठं दाखवील? म्हणतील, पोरगा मास्तर झाला आन बापाला ओलांडून गेला."

"मला रोज म्हणतात लोक."

"कोण म्हणतं?"

तिनं आणखी पंप मारला. कोबी करपायला लागला होता.

"होळी होऊ दे," मी म्हणालो.

"होळी दरवर्षी होते, देवा."

कोबी जरा काळा झाला तरी आजवरच्या सगळ्या रीतींत मला ही आवडली. मसाला अगदी शेवटी, स्टोव्ह बंद करून. वर चमचाभर सॉस घालतात म्हणे. आपल्याकडे नव्हता.

बसस्टँडवर ती म्हणाली, "तू एकदा तरी माझ्यासाठी रागव ना कोणावर." कोणावर रागवू, विचारलं तर गाडी लागली.


रविवार, २४ फेब्रुवारी

आली नाही. काल शेवटच्या एसटीला उभा राहिलो, आज सकाळच्या गाड्यांना. दुपारी एसटीडीवरून हॉस्टेलला फोन लावला. एक मुलगी म्हणाली, "प्रमिलाताई? त्या रविवारी इथे नसतातच ना."

मी म्हटलं, माहीत आहे, रविवारी ती माझ्याकडे असते, आज आली नाही म्हणून विचारतो.

"मागच्या रविवारीपण?"

"नाही. मागच्या रविवारी नव्हती."

त्या मुलीनं कोणाला तरी हळूच काही विचारलं. मग म्हणाली, "ड्यूटी असेल, दादा."

ड्यूटी असेल. शिकाऊ मुलींवर कामं टाकतातच.

मॅगी केली ती दोघांची झाली. पाणी ओतल्यावर लक्षात आलं. अर्धी जिजाबाईंना दिली. त्यांनी वास घेतला आणि कोंबड्यांना घातली. कोंबड्यांनी खाल्ली.


रविवार, १० मार्च

आली. बारीक झाली आहे असं मी म्हटलं, ती म्हणाली तू म्हणतोस तसं काही नाही.

दुधाची रीत. मॅगी पुडीतच हातानं चुरायची, बारीक. पाण्यात शिजवायची, मग थोडं दूध. मसाला चिमूटभर, नावाला. गाजर किसून, म्हणजे दिसत नाही आणि निवडून काढता येत नाही. निवल्यावर द्यायची, गरम नाही.

"याला काही चवच नाही," मी म्हणालो.

"लहान्यांची आहे. त्यांना तिखट सोसत नाय."

"कोणाची लहानी?"

"असतात दवाखान्यात," ती म्हणाली.

माझ्या हनुवटीवर दूध ओघळलं. तिनं चमचा हातातून न सोडता दुसऱ्या हातानं ओढणीच्या टोकानं ते पुसलं, आणि "आ कर" म्हणाली. मग थांबली. ओढणी खाली सोडली. मला हसू आलं. मी खरंच आ केला. ती उठून मोरीत गेली आणि भांडी घासत बसली, आधीच घासलेली.

नर्सची सवय. चांगली नर्स होईल ती.


शुक्रवार, २९ मार्च, पोशेरा

काल होळी पेटल्यावर सगळ्यांच्या देखत बाला विचारलं. तो प्यालेला होता आणि खुशीत होता. म्हणाला, लावू. लगेच सकूला बोलावलं. लग्न तीच लावते. आमच्याकडे भटजी नसतो, धवलेरी असते, गाणं म्हणत लग्न लावणारी. सकू म्हणाली, मे महिन्यात नऊ तारखेला मी मोकळी आहे.

"मला हळद लावणार!" आई म्हणाली. "लावाल कुठं? हाडं राहिलीत."

"हाडाला लाव गं सकू," बा म्हणाला. "पिवळी हाडं मी कधी बघितली नाय."

"बघायची घाई आहे तर चितेवर बघ."

पाड्यावरची सगळी माणसं हसत होती. सकाळी बा शुद्धीवर आल्यावर पुन्हा विचारलं. तो म्हणाला, बोललो ते बोललो.

असा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.


शनिवार, ३० मार्च, मोखाडा

प्रमिला फोनवर मिळाली. सांगितलं, मेची नऊ तारीख, एकाच मांडवात, बा तयार झाला.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकू येतं का?"

"येतं."

"मग?"

"बरं," ती म्हणाली. "आई खूश आहेत का?"

"आई लाजते."

"बरं," ती पुन्हा म्हणाली. बूथवर माझ्या मागे रांग होती, म्हणून ठेवला.


रविवार, ७ एप्रिल

आज तिनं नवीन काही केलं नाही. साधी. पण माझ्याकडून करून घेतली.

"तू एकट्यासाठी करतोस तरी दोघांचं पाणी टाकतोस," म्हणाली. "म्हणून तुझी लगदा होते." मोठ्या कपानं एक कप, आणि वर दोन घोट. तो कप तिनं स्टोव्हशेजारच्या फळीवर ठेवला. पाणी उकळल्याशिवाय पुडी फोडायची नाही. मॅगी टाकली की उलटायची एकदाच. मी करत होतो आणि ती हात मागे बांधून बाजूला उभी होती. हातचा शिकवताना मी मुलांजवळ असाच उभा राहतो.

नीट झाली. तिनं एक घास चाखला आणि म्हणाली, "आता येतं तुला."

"मेनंतर तू आहेसच की."

तिनं पिन मारून बर्नर साफ केला. तिचे दाखले पेटीत होते ते घेतले, परीक्षेला लागतात. शाल घेतली. उन्हाळ्यात शाल कशाला, मी म्हटलं, तर म्हणाली वॉर्डात पंखे फार.

साडीचा रंग कोणता घेऊ विचारलं. "आईंना आवडेल तो घे," म्हणाली. पायातली चप्पल पुन्हा पुन्हा काढघाल करत होती. लाजली असावी.


मंगळवार, ७ मे, पोशेरा

हे क्रमानं लिहितो.

सकाळी मांडवाच्या मेढी आणायला रानात गेलो. परतलो तर प्रमिला अंगणात. तीन दगडांवर मोठा टोप, तिच्याभोवती मांडव घालायला आलेली माणसं. ठाण्याहून ती पिशवी भरून मॅगी घेऊन आली होती. मोहाच्या बियांचं तेल, कांदा, वाटलेली लाल मिरची. पुड्यांतला मसाला तिनं टाकलाच नाही. "इथं नको तो," म्हणाली. ही रीत तिनं मला कधी दाखवली नव्हती. पळसाच्या पानांवर वाढली.

सकू म्हणाली, "नवरीच पंगत वाढते! तुला फार घाई गं."

सगळे हसले, प्रमिलाही. आई हसली नाही. आत भिंतीवर लग्नाचा चौक, नवरानवरीचं चित्र, लिहायचं चाललं होतं आणि तिच्या हाताला तांदळाचं पीठ होतं. ते पीठ वाळून गेलं तरी ती हात धुवत नव्हती. हे मी पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. मी दोनदा वाढून घेतलं.

ती निघाली तशी रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. मला वाटलं मोखाड्याहून काही आणायचं राहिलं असेल.

"परवा मी येणार नाय," ती म्हणाली.

"उद्या ये मग. हळद उद्यापासूनच आहे."

"देवा. मी येणारच नाय."

रस्त्याला कोणी नव्हतं. ती सांगत गेली. लॅबमधले ते. त्यांची बायको वारली आहे, मुलगी लहान आहे. एप्रिलच्या शेवटी सही झाली.

माझ्याकडे विचारण्यासारखं बरंच होतं. मी विचारलं, "दुधातली तिला आवडते?"

"हो," म्हणाली आणि रडायला लागली.

मी म्हणालो, "होळीला तारीख ठरली तेव्हा सांगायचं होतंस."

"नोटीस लागली होती तेव्हा."

"काढता आली असती."

"आली असती," ती म्हणाली. "नाय काढली. चार वर्षं तुझ्या घरात होते, देवा. तुला ते पुरत होतं. मला कोणी विचारलं तू कोण, तर सांगता येत नव्हतं. तुला कोणी विचारतच नव्हतं."

"मी तुला कधी काही कमी..."

"नाय केलंस. तसं कधीच नाय."

जीप आली. मागे माणसं लोंबकळत होती. ड्रायव्हरनं पुढे बसलेल्याला उठवलं आणि "या सिस्टर" म्हणाला. ती बसली. जीप वळणावरून गेली तरी मी रस्त्यातच होतो. मागून बैलगाडी आली तेव्हा बाजूला झालो.

आई उंबऱ्यात बसली होती.

"तुला माहीत होतं?"

"आज सांगितलं तिनं. पाया पडली."

"तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? गाठच पडली नाय. सोडाय काय हाये तिथं?"

ती रागावून बोलली नाही. भिंतीकडे बघत बोलली. मग हात धुवायला गेली.


गुरुवार, ९ मे, पोशेरा

काल दिवसभर बा म्हणत होता, मांडव मोडा. पाहुण्यांना सांगून झालं होतं, ताडी येऊन पडली होती, तरी तो ऐकेना. आई कोपऱ्यात. "पोराचं मोडलं आन मी हळद लावून मिरवू? थुंकतील माझ्यावर."

मी म्हणालो, लावा. का म्हणालो ते मला नीट सांगता येत नाही. सगळे एकदम बोलायला लागले तेव्हा मी म्हणालो, तुमचं राहिलं म्हणून माझं राहिलं, आता तुमचं तरी... बा माझ्याकडे बघत राहिला. मग उठून बाहेर गेला. मला वाटलं, आता मेढी उपटतो. तो नदीवर जाऊन आंघोळ करून आला आणि ओल्या अंगानं पाटावर बसला. "आण हळद," म्हणाला.

चौकात बायकांनी दोन जोड्या लिहून ठेवल्या होत्या. सकूनं हळूच विचारलं, "या दुसरीचं काय करू?" मग तिनंच गेरूचा हात फिरवला. ओली होती तोवर ती जागा वेगळी दिसत होती. वाळल्यावर भिंतीसारखी झाली.

हळद लावायचं काम बायकांचं. पण आईनं माझा हात ओढून घेतला आणि आपल्या गालावर दाबला. हळद सुरकुत्यांत शिरली. मला वाटतं तिला काही म्हणायचं होतं. ती म्हणाली, "डोळ्यात जाईल, नीट लाव."

आज लग्न लागलं. बाचं मुंडासं सारखं सुटत होतं. बायकांनी गाण्यात त्याला छळला: नवरा म्हातारा, दात पडका, आमची पोर नाय देत जा. बा मधेच ओरडला, "तुमची पोर माझ्या घरात म्हातारी झाली, आन आता देत नाय म्हणता!" अख्खा मांडव हसला. आईनं पदर तोंडाला लावला; तीही हसत होती. मीही हसलो. हसत हसत गोठ्यामागे गेलो. तिथलं लिहीत नाही.

परत आलो तेव्हा तारपा वाजायला लागला होता. पोरंटोरं गोल धरून नाचत होती आणि बा मधे. आई येऊन माझ्याशेजारी बसली, हिरव्या साडीत. रंग मीच निवडला होता, दोन्ही साड्यांचा.

"खाल्लंस का?"

"हो."

"काय खाल्लंस?"

मी बाकडे बोट दाखवलं. त्याचं मुंडासं पुन्हा सुटलं होतं.


शुक्रवार, १० मे

सकाळी आई आणि बा भाताच्या रोपांसाठी राब भाजायला शेतावर गेले, हळदीच्या अंगानंच. मी मांडवाच्या मेढी उपटून गोठ्याला टेकवून ठेवल्या. पहिली जीप भरून गेली. दुसरीनं मोखाड्याला आलो. फळीवरच्या कपानं एक कप पाणी टाकलं, आणि वर दोन घोट.